दुकान परदेशी माणसाचं, पैसा कुठे मुरतो?

हणजूणचा बुधवारचा बाजार सत्तरच्या दशकात सुरू झाला, तेव्हा तो धड बाजारही नव्हता. गोव्यात येऊन राहिलेले हिप्पी पैसे संपत आले की चादर पसरायचे आणि जवळचे कपडे, पुस्तकं, कॅमेरा विकून मोकळे व्हायचे. आज तिथे काश्मिरी शालवाले आहेत, राजस्थानी चांदीवाले आहेत, आरसेकामाच्या पिशव्या घेऊन बसलेल्या लमाणी बायका आहेत. गोरा विक्रेता मात्र शोधावा लागतो. बाजार सुरू करणारे गेले, बाजार राहिला, आणि त्याच्या आधारानं पार्किंगवाला, मोटारसायकल टॅक्सी चालवणारा 'पायलट', शहाळीवाला, खोल्या भाड्यानं देणारं घर अशी रांग उभी राहिली.

बाहेरून आलेल्या माणसानं धंदा टाकला की त्या मुलखाला काय मिळतं, यावर गोव्यात तावातावानं बोललं जातं. बोलताना दोन वेगळी माणसं 'भायले' (बाहेरचे) या एकाच शब्दात कोंबली जातात. बेळगावचा, ओडिशाचा किंवा दिल्लीचा माणूस इथे दुकान टाकतो तो संविधानाच्या कलम 19 नं दिलेल्या हक्कानं. रशियन, इस्रायली किंवा ब्रिटिश माणसाला तो हक्क नाही. त्याला व्हिसा आणि परकीय चलनाचा कायदा यांच्या चौकटीतच धंदा करता येतो. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या माणसाबद्दल आहे. पैशाचं गणित मात्र दोघांचं सारखंच.

आधी एक निरीक्षण. स्थलांतरित लोक स्थानिकांपेक्षा जास्त प्रमाणात धंद्यात पडतात. अमेरिकेतल्या कंपन्यांच्या नोंदी तपासून 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तिथे जन्मलेल्यांच्या तुलनेत स्थलांतरितांची कंपनी सुरू करण्याची शक्यता 80 टक्क्यांनी जास्त दिसली. यात छोटी दुकानंही आली आणि मोठ्या कंपन्याही. गूगलच्या दोन संस्थापकांपैकी सर्गेई ब्रिन मॉस्कोत जन्मलेला, एन्व्हिडियाचा जेन्सन ह्वांग तैवानमध्ये.

असं का होतं? जो माणूस घरदार सोडून निघतो त्याची जोखीम घ्यायची तयारी मुळातच जास्त असते, हे एक. दुसरं कारण कमी गोड आहे. नव्या देशात त्याच्या पदवीला किंमत नसते, उच्चाराला लोक हसतात, ओळखीनं मिळणारी नोकरी मिळत नाही. इंजिनिअर टॅक्सी चालवतो आणि चार वर्षांनी टॅक्सी कंपनी काढतो. बँक दारात उभं करत नाही तेव्हा आपल्या माणसांची भिशी कामाला येते. मुंबईत गेलेल्या गोंयकारांच्या गावागावांच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या राहण्याच्या जागा, आठवा. धोबीतलावला नाहीतर माझगावला स्वस्तात खाट मिळायची, आणि खाटेसोबत कोणत्या जहाजावर भरती चालू आहे, कुठल्या बेकरीत माणूस हवा आहे, ही खबरही. कुठलंही सरकारी रोजगार केंद्र इतक्या स्वस्तात ही सेवा देऊ शकलं नसतं.

आता फायद्याकडे येऊ. 'रोजगार निर्माण होतो' हे वाक्य सगळेच म्हणतात आणि तिथेच पहिली चूक होते. मोरजीत नव्या कॅफेनं दहा माणसं ठेवली आणि त्याच रस्त्यावरच्या जुन्या हॉटेलाचं गिऱ्हाईक पळाल्यानं तिथले सहा जण घरी बसले, तर रोजगार वाढला चार माणसांचा. मोजायचा तो हा निव्वळ आकडा. म्हणून नवा धंदा जुन्याचीच नक्कल करतो की आधी नसलेलं काही आणतो, हे बघावं लागतं. मुंबई-पुण्यातले इराणी आठवा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणमधून आलेल्या या लोकांनी बहुधा कोपऱ्यावरच्या जागा घेतल्या. कोणत्याही जातीपातीचा माणूस चहा-ब्रून घेऊन हवा तितका वेळ बसू शकेल अशी जागा शहरात दुर्मीळच होती. खानावळीचं गिऱ्हाईक फारसं पळालं नाही, गिऱ्हाईकच नवं तयार झालं. त्यामागे पाववाला, दूधवाला, बर्फवाला असे पुरवठादारही वाढले.

दुसरा फायदा ओळखींचा, आणि तो सिद्ध करणं अवघड असतं. स्थलांतरितांमुळे दोन देशांमधला व्यापार वाढतो, की व्यापार होता म्हणून ते तिथे गेले? यावर इतिहासानं एक प्रयोगच करून ठेवला आहे. 1975 साली दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडली आणि सव्वा लाखाहून अधिक व्हिएतनामी निर्वासित अमेरिकेत पोचले. सरकारनं मुद्दाम त्यांना वेगवेगळ्या राज्यांत विखरून ठेवलं, म्हणजे व्यापाराच्या सोयीनं जागा निवडण्याची त्यांना फारशी मुभाच नव्हती. त्यानंतर 1994 पर्यंत अमेरिकेची व्हिएतनामवर व्यापारबंदी होती. व्यापार जवळपास शून्य. बंदी उठली आणि पुढच्या वर्षांत ज्या राज्यांत व्हिएतनामी लोक जास्त होते, तिथून व्हिएतनामला निर्यात जास्त वाढली. अर्थशास्त्रज्ञांनी ही जुळवाजुळव आकडेवारीनिशी दाखवली आहे. कारण साधं आहे. हनोईत माल पाठवायचा तर उधार कोणाला द्यावी, कोण पैसे बुडवेल, करारात कुठला शब्द टाळावा हे ज्याला ठाऊक, तो व्यापार करतो. काजू असो की मसाले, बाहेरचा बाजार धरताना असा एक माणूस दहा प्रदर्शनांपेक्षा उपयोगी पडतो.

तिसरा फायदा कराचा. याचं अलीकडचं ठळक उदाहरण जर्मनीतल्या माइन्झ शहराचं. तुर्कस्तानात जन्मलेला उगुर शाहिन आणि तुर्की कुटुंबात जर्मनीत जन्मलेली ओझलेम तुरेची या डॉक्टर दांपत्यानं 2008 मध्ये इतरांसोबत तिथे बायोएनटेक काढली. कोविड लशीमुळे कंपनीचा नफा फुगला. जर्मनीत धंद्यावरचा एक कर थेट नगरपालिकेकडे जातो, त्यामुळे 2021 साली माइन्झच्या तिजोरीत या करापोटी एक अब्ज युरोच्या आसपास रक्कम आली. आदल्या वर्षीच्या कितीतरी पट. शहरानं जुनी कर्जं फेडायला घेतली आणि कराचा दर उतरवला. लशीची मागणी ओसरल्यावर हा ओघही आटला, हे सांगितलं पाहिजे. एकाच कंपनीवर उभं राहिलेलं अंदाजपत्रक तिच्यासोबतच खाली येतं. आपल्याकडचा फरक असा की जीएसटी आणि प्राप्तिकर राज्याच्या आणि केंद्राच्या तिजोरीत जातात, पंचायतीला मिळतात लायसन्सचं शुल्क, घरपट्टी आणि फलकांचे पैसे. कचरा उचलायचा, गटारं साफ करायची, पार्किंगची भांडणं सोडवायची पंचायतीनं आणि कर दुसरीकडे. आसगाव-शिवोलीत नव्या कॅफेबद्दल जी चिडचिड ऐकू येते, तिचं एक मूळ या रचनेत आहे. त्यात कॅफेवाल्याच्या पासपोर्टचा काही संबंध नाही.

एका कॅफेचा हिशेब

हे सगळं मोघम वाटत असेल तर एक हिशेब मांडू. आकडे मानलेले आहेत, पण प्रमाण या धंद्यातल्या माणसाला ओळखीचं वाटेल. समजा एका परदेशी माणसाचा शिवोलीत कॅफे आहे. सीझनमधल्या एका महिन्याची विक्री 10 लाख रुपये, कामाला 12 माणसं. कच्चा माल 3 लाख, पगार 2 लाख 20 हजार, भाडं दीड लाख, वीज-गॅस-पाणी-कचरा 70 हजार, ॲपचं कमिशन, कार्डाचे चार्जेस, जाहिरात आणि अकाउंटंट मिळून 80 हजार, दुरुस्ती आणि भांडीकुंडी 40 हजार. एकूण 8 लाख 60 हजार. हाती उरले 1 लाख 40 हजार.

त्यावर 5 टक्के जीएसटी गिऱ्हाईक वेगळा देतं, 50 हजार. निम्मा राज्याचा, निम्मा केंद्राचा. इथे नवखा मालक हमखास फसतो. रेस्टॉरंटच्या 5 टक्क्यांत खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. शिवाय ऑक्टोबर 2024 पासून व्यावसायिक जागेच्या घरमालकाची जीएसटी नोंदणी नसली, तरी नोंदणी असलेल्या भाडेकरूलाच भाड्यावर 18 टक्के भरावे लागतात. यातून सूट आहे ती कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या ठरावीक दराच्या योजनेत असलेल्यांना. म्हणजे दीड लाखावर 27 हजार. उरलेले 1 लाख 40 हजार पाहता पाहता 1 लाख 13 हजार होतात, आणि यातून मशीनची झीज, कर्जाचा हप्ता आणि पावसाळ्याचे चार महिने काढायचे असतात.

आता खरा प्रश्न: या 10 लाखांतले गोव्यात किती राहिले?

कच्च्या मालापासून बघू. भाजी बेळगावहून येते. चिकन आणि दूध बरंचसं राज्याबाहेरून. कॉफी चिकमगळूर किंवा कूर्गची. स्थानिक काय, तर पाव, मासळी, नारळ, थोडी पालेभाजी. 3 लाखांतले 90 हजार इथे राहिले म्हणू. पगारातले, माणसं नेपाळ-ओडिशाची असतील तर जवळपास निम्मे गावी जातात. 1 लाख 20 हजार इथे खर्च होतात असं धरू. भाडं दीड लाख घरमालकाला. वीज जवळपास सगळी गोव्याबाहेर तयार होते, त्यामुळे वीज-गॅस-पाण्याच्या बिलातले 20 हजारच धरायचे. दुरुस्तीचे 30, अकाउंटंट वगैरेंचे 30, आणि मालक इथेच राहतो म्हणून त्याच्या घरखर्चाचे 50 हजार. बेरीज 4 लाख 90 हजार. शंभरातले 49 रुपये.

हे 49 रुपये तिथेच थांबत नाहीत. घरमालक घराचं कौल बदलतो, वेटर म्हापशात चप्पल घेतो. प्रत्येकजण मिळालेल्या रुपयातले 40 पैसे पुन्हा गोव्यातच खर्च करतो असं मानलं, तर 49, मग 19.60, मग 7.84 अशा उतरत्या फेऱ्या होतात. बेरीज करायची सोपी रीत: 49 ला 0.6 नं भागा. उत्तर साधारण 82. म्हणजे गल्ल्यात पडलेल्या 100 रुपयांतून गोव्यात 82 रुपयांचं उत्पन्न.

आता दोनच गोष्टी बदलू. 12 पैकी 9 माणसं स्थानिक ठेवली आणि पगारातले 1 लाख 80 हजार इथे राहिले. ताळगावची वांगी, मोसमातले अळसांदे, डिचोली-सत्तरीची भाजी थेट घेऊन कच्च्या मालातले 1 लाख 60 हजार इथे ठेवले. पहिल्या फेरीचे 62 रुपये होतात, आणि 0.6 नं भागल्यावर 103. उलट, पहिल्याच हिशेबात घरमालक दिल्लीत राहणारा निघाला, की दीड लाख थेट बाहेर. पहिली फेरी 34, अंतिम आकडा 57. आसगावात ही शक्यता काल्पनिक नाही.

57 पासून 103 पर्यंतच्या या सगळ्या उड्यांत कॅफेचा मालक एकच परदेशी माणूस आहे. आणि बेळगावची भाजी, राज्याबाहेरचं चिकन, बाहेरचे कामगार घेऊन चाललेल्या गोंयकाराच्या रेस्टॉरंटची गळती परदेशी माणसाच्या कॅफेएवढीच असते. एक फरक मात्र उरतो, नफ्याचा. स्थानिक मालक तो इथेच घर, जमीन, शिक्षण यांत घालतो. परदेशी मालक इथे स्थिरावला तर तेच करतो, नाहीतर सीझन संपला की सोबत घेऊन जातो.

कुठे फसतं

'सीझन संपला की' यातच निम्मी धोरणं बुडाली आहेत. चिलीनं 2010 मध्ये परदेशी नवउद्योजकांना वर्षभराचा व्हिसा आणि मालकीत वाटा न मागता 40 हजार डॉलर द्यायला सुरुवात केली. लोक आले, शिकले, शिकवून गेले; पण बरेच जण वर्ष सरताच कंपनी उचलून दुसरीकडे गेले. मुळं धरायला गिऱ्हाईक लागतं, पुरवठादार लागतात, मुलांची शाळा लागते. नुसत्या अनुदानानं माणूस येतो, राहत नाही.

पोर्तुगालची गोष्ट आपल्या जवळची. 2012 पासून तिथे पैसे गुंतवणाऱ्याला निवासाचा परवाना मिळू लागला. पाच लाख युरोचं घर घ्या, किंवा दहा नोकऱ्या निर्माण करा, असे पर्याय होते. बहुतेकांनी घर घेतलं. नोकऱ्यांचा रस्ता फार थोड्यांनी धरला. लिस्बनमध्ये घरांच्या किमतींवरून ओरड वाढत गेली आणि 2023 मध्ये घरखरेदीचा मार्ग सरकारनं बंद केला. फ्लॅट घेऊन कुलूप लावणारा आणि भट्टी पेटवून पाव भाजणारा, दोघेही 'परकीय गुंतवणूक' याच रकान्यात मोजले गेले तर आकडा छान दिसतो. पाववाल्याची मात्र भाडेवाढीनं गच्छंती होते.

इटलीतल्या प्रातोत वेगळा घोळ झाला. कापडाचा जुना धंदा मंदावत असताना चिनी उद्योजकांनी तिथे झटपट फॅशनचे शेकडो कारखाने उभे केले. रिकामे गाळे भाड्यानं गेले, कापडाला मागणी आली, शहर पुन्हा नकाशावर आलं. पण यातल्या अनेक कारखान्यांत कागदोपत्री काहीच धड नव्हतं. कामगार यंत्रांशेजारीच झोपायचे. 1 डिसेंबर 2013 रोजी अशाच एका कारखान्याला आग लागली आणि सात कामगार मेले. नियम मोडून स्वस्त विकणारा आधी नियम पाळणाऱ्याला बाजारातून हाकलतो, मग केव्हातरी माणसं मारतो.

उलटी चूक युगांडानं केली, आणि तिची झळ गोंयकारांनाही बसली. 1972 मध्ये इदी अमीननं आशियाई लोकांना देश सोडायला 90 दिवस दिले. दुकानं, साखर कारखाने, गिरण्या लष्करी अधिकाऱ्यांना आणि मर्जीतल्यांना वाटल्या गेल्या. कारखाना हातात आला, पण सुटे भाग कुठून मागवायचे, कोण उधारीवर माल देतो, हे हस्तांतरित होत नाही. साखर, साबण, मीठ दुर्मीळ झालं. पुढे त्याच देशानं मालमत्ता परत देऊन या लोकांना बोलावणं धाडलं.

कागद कोणाच्या नावावर

गोव्यातला नेहमीचा घोळ बेनामी कारभाराचा. शॅकचं (किनाऱ्यावरच्या हंगामी खानावळीचं) किंवा बारचं लायसन्स स्थानिक माणसाच्या नावावर, चालवणारा दुसराच. शॅक धोरणात पोटभाड्यानं देण्यावर बंदी आहे तरी ही चाल जुनीच. सहीपुरता मालक महिन्याचे ठरलेले पैसे घेतो आणि निवांत असतो, पण जीएसटीची, अबकारीची, कामगार विम्याची नोटीस त्याच्याच नावानं येते. पडद्यामागच्या परदेशी माणसाकडे भांडण झालं तर कोर्टात दाखवायला काही नसतं. बँक त्याला कर्ज देत नाही, म्हणून तो चांगलं मशीन घेत नाही, माणूस शिकवत नाही. दोन सीझनमध्ये टाकलेला पैसा काढून निघायचं एवढंच त्याच्या मनात असतं. वरच्या हिशेबातला 50 हजारांचा जीएसटीही इथे बहुतेक कच्च्या बिलात विरतो.

सरळ रस्ता आहे, फक्त लांबचा. पर्यटक व्हिसावर धंदा किंवा नोकरी करता येत नाही. बिझनेस व्हिसा लागतो. हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये 100 टक्के परकीय गुंतवणूक सरकारी पूर्वपरवानगीशिवाय चालते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात, आणि संचालकांपैकी एक तरी वर्षात 182 दिवस भारतात राहिलेला हवा. पैसा बँकेमार्फत यायला हवा. शेअर दिल्यावर 30 दिवसांत एफसी-जीपीआर हा फॉर्म रिझर्व्ह बँकेकडे भरायचा असतो. तो चुकला तर नफा बाहेर नेताना आणि धंदा विकताना अडतं. भारताबाहेर निवास असलेल्या परदेशी नागरिकाला घर-जागा विकत घेता येत नाही, पाच वर्षांपर्यंत भाडेपट्ट्यानं घेता येते. मग पंचायतीचं लायसन्स, अन्नपरवाना, आरोग्य खात्याचा आणि अग्निशमनचा दाखला, प्रदूषण मंडळाची संमती, दारू असेल तर अबकारी. किनाऱ्याजवळ असेल तर सीआरझेड (किनारी बांधकामाचे नियम), आणि ते सगळ्यात आधी तपासायचं, कारण बांधकामच बेकायदा निघालं तर बाकीचे कागद रद्दी. कामावर दहा माणसं झाली की ईएसआय (कामगार विमा) लागू होतो आणि मालकाला पगाराच्या 3.25 टक्के भरावे लागतात. पीएफ वीस माणसांपासून. म्हणूनच नऊ माणसांवर अडकलेले, नाहीतर एकाच स्वयंपाकघराच्या दोन फर्म दाखवणारे धंदे जागोजागी दिसतात.

जागा भाड्यानं देणाऱ्यानं व्हिसाचा प्रकार आणि मुदत, कंपनीचं नोंदणीपत्र आणि भाडं कंपनीच्या खात्यातून येईल ना, एवढं करारावर सही करण्याआधी बघावं. रोख भाडं हे बहुधा बेनामीचं पहिलं लक्षण. पाव, मासळी, नारळ उधारीवर देणाऱ्याचा धोका वेगळा: एप्रिलमध्ये कॅफेला कुलूप लागतं आणि शेवटच्या दोन बिलांचे पैसे विमानानं जातात. मार्च उजाडला की पंधरा दिवसांची उधारी आठवड्यावर आणावी, आणि मालक पुढच्या सीझनचं भाडं भरतो आहे का, हे घरमालकाकडे सहज बोलता बोलता विचारून घ्यावं.